हजेरी, पीस रेट आणि पगार

चि. सोनू यास,


आयटीआय पास झालास, घरात सगळ्यांना आनंद झाला. तुझ्यापुढे दोन कामं आहेत असं आईकडून कळलं. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत ठेकेदाराच्या हाताखाली फेटलिंग, म्हणजे ओतीव भागांची घासाई, त्यात हजेरी बरी आणि पैसे लगेच हातात. दुसरं गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये ॲप्रेंटिसचं, विद्यावेतन बेताचं. ठरवायचं तुलाच आहे. पण त्याआधी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कुणाच्या घामाला किती मोल मिळतं आणि ते ठरवतं कोण, हे नीट पाहून घे.

उसापासूनच पाहा. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. बीडकडून येणारं नवरा-बायकोचं जोडपं म्हणजे हिशेबात एक ‘कोयता’. दोघांनी मिळून दिवसात दोन टन ऊस तोडला तर ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी होती २९७ रुपये. पहाटेच्या थंडीत, पाचटानं अंग कापून घेत केलेल्या कामाला फक्त ६९ रुपये जास्त. त्यातून मुकादमाची उचल फेडायची, खाड्याचे पैसे कापून जायचे आणि चार-पाच महिन्यांत हंगाम संपला की हे काम बंद. उसाच्या दरासाठी जयसिंगपूरला दरवर्षी ऊस परिषद भरते, रस्ते अडतात. तोडणीचा दर मात्र तीन-तीन वर्षांच्या करारानं ठरतो.

तोच ऊस गुऱ्हाळावर गेला की गणित बदलतं. चुलवाणात चिपाड घालणारा दिवसभर धगीपुढे असतो, पण मान आणि पैसा जास्त गुळव्याला. काहिलीतला पाक नेमका कधी उतरवायचा हे त्याच्या नजरेला कळतं. क्षणभर चुकलं तर सगळं आधण बिघडतं, आणि तशी नजर असलेली माणसं गावात मोजकीच असतात.

ॲडम स्मिथनं १७७६ साली मजुरीतल्या फरकाची पाच कारणं सांगितली. काम किती त्रासाचं, शिकायला किती अवघड, वर्षभर मिळतं का, त्यात विश्वास किती टाकावा लागतो आणि त्यात यश येण्याची शक्यता किती. गुळव्याला यातली दोन-तीन अगदी चपखल लागू पडतात. पण पहिल्या कारणाप्रमाणे त्रासाच्या कामाला जास्त पैसे मिळायला हवेत, आणि आपल्या फौंड्र्यांत ते दिसत नाही. फेटलिंगला धूळ, ठिणग्या, कानठळ्या बसवणारा आवाज. तरी ते काम बहुतेक ठेक्यावर, बिहार-ओडिशातून आलेल्या पोरांकडे. गावाकडे पैसे पाठवायचे असतात, चार दिवस थांबून भाव करणं त्यांना परवडत नाही. मालक-मजुराच्या तंट्यात मालकच जास्त दिवस तग धरतो, हेही स्मिथनंच लिहून ठेवलंय. त्याच्या पाच कारणांइतकंच हे सहावंही ध्यानात ठेव.

इचलकरंजीत तर हे सगळं एका छताखाली पाहायला मिळतं. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली तिथं पहिला यंत्रमाग बसवला आणि त्यावर आख्खं शहर उभं राहिलं. माग चालवणाऱ्याला पगार नसतो, पीस रेट असतो. ५२ पिकाच्या, म्हणजे इंचात ५२ आडव्या धाग्यांच्या, कापडाला मीटरमागे अमुक पैसे. वीज गेली, सूत तुटत राहिलं, की मीटर कमी आणि आठवड्याचा हिशेबही कमी. शेजारीच कांडीवाले, वहिफणीवाले, घडीवाले, दिवाणजी, प्रत्येकाचा हिशेब निराळा. माग बिघडला की ज्याच्यावाचून अडतं तो जॉबर. त्याचा शब्द मालकही खाली पडू देत नाही. आणि मालक तरी किती मालक? खर्चीवाला यंत्रमागधारक सूत व्यापाऱ्याचं घेतो, कापड विणून देतो आणि स्वतःच पिकावर मजुरी घेतो. कामगारानं दर वाढवून मागितला की तो व्यापाऱ्याकडे बोट दाखवतो, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. म्हणून कामगारांच्या २०१३ च्या मोठ्या संपानंतर महागाई भत्त्याची वाढ दरवर्षी पीस रेटमध्ये बसवायचं ठरलं, ही फार मोलाची गोष्ट होती. ती एकेकट्या कामगाराला कधीच मिळाली नसती.

आणि आपल्या रानातलं विसरू नको. भांगलणीला आलेल्या बाईची हजेरी गड्यापेक्षा कमी, ही रीत अजून चालू आहे. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता. तुझ्या आईनंही त्याच कमी हजेरीवर तुझी फी भरली.

आता तुझ्या कामाचं. मशीन शॉपमध्ये नुसतं बटण दाबणारा ऑपरेटर आणि जॉब बांधून, टूल लावून, प्रोग्रॅम दुरुस्त करणारा सेटर शेजारी शेजारी उभे असतात, पण पगारात मोठा फरक असतो. ॲप्रेंटिसच्या वर्षात तू सेटरच्या बाजूला सरकू शकतोस. फेटलिंगमध्ये वर चढायच्या पायऱ्या फार थोड्या, आणि फुप्फुसं गेली तर भरून निघत नाहीत. मामाचा कौल ॲप्रेंटिसकडे आहे.

तरीही ठेकेदाराकडे गेलास, तर हातात पडणाऱ्या आकड्यावर भुलू नको. पीएफचे १२ टक्के तुझ्या पगारातून कापतात, तेवढाच वाटा मालकानंही घालायचा असतो. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा, लागू होतो. तुझ्याकडून पाऊण टक्का, मालकाकडून सव्वातीन. ‘कापत नाही, सगळं हातात देतो’ असं कुणी गोडीनं सांगितलं तर मालकाचा वाटाही बुडाला, आणि बोट मशीनमध्ये सापडलं तर दवाखान्याचा खर्च तुझ्या घरावर आला, असं समज. पहिल्याच महिन्यात पगाराची स्लिप आणि पीएफचा यूएएन नंबर मागून घे.

विद्यावेतनात घरचा खर्च भागणार नाही याची तुला काळजी असेल. तसं असेल तर आईला मधे न घालता सरळ फोन कर. वर्षभराची तजवीज मामा-मामी करतील.

तुझा
मामा