आकाशातील पाहुण्यांची ओळख

प्रस्तावना

दुधाचे दही होते ते जीवाणूंमुळे आणि क्षयरोग होतो तोही जीवाणूंमुळेच. यांतील मित्र कोण व शत्रू कोण हे ठरवायचे, तर आधी त्यांची ओळख पटली पाहिजे. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली अनेक जीवाणू सारखेच दिसतात. मग त्यांना वेगळे कसे ओळखावे? चला, प्रस्तुत पाठात हे समजून घेऊ या.

मूलपाठ

प्रत्येक जीवाणूच्या पेशीत प्रथिने तयार करणारे रायबोसोम असतात. त्यांच्या एका घटकाची माहिती '16 एस' नावाच्या जनुकात, सुमारे 1500 अक्षरांत साठवलेली असते. ही अक्षरे चारच: ए, टी, जी आणि सी. जीवनाला अत्यावश्यक असल्याने हे जनुक फार सावकाश बदलते. म्हणून जवळच्या नातलगांत अक्षरांचा फरक थोडा, तर दूरच्यांत अधिक आढळतो. अक्षरांचा हा क्रम वाचणे म्हणजे जनुकीय क्रमनिर्धारण होय.

एप्रिल 2005 मध्ये इस्रोच्या एका प्रयोगात हैदराबादहून मोठा फुगा सोडण्यात आला. प्रयोगाचे प्रमुख होते डॉ. जयंत नारळीकर. निर्जंतुक नळ्यांत 20 ते 41 किलोमीटर उंचीवरील हवा भरून आणली गेली. हैदराबाद आणि पुणे येथील प्रयोगशाळांत तिची तपासणी झाली. जीवाणूंच्या 12 वसाहती मिळाल्या. त्यांपैकी 9 वसाहतींचा क्रम पृथ्वीवरील ज्ञात जातींशी 98 टक्क्यांहून अधिक जुळला. उरलेल्या तीन मात्र नव्या जाती ठरल्या. 2009 मध्ये त्यांना नावे मिळाली: जॅनिबॅक्टर हॉयली, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय.

जीवनाची बीजे अंतराळातून आली असावीत, असे फ्रेड हॉईल मांडत असत. ते नारळीकरांचे गुरू. गुरूंचे नाव एका जीवाणूला लाभले. परंतु हे जीवाणू अंतराळातूनच आले, असे या प्रयोगाने सिद्ध होत नाही, हेही तेव्हाच स्पष्ट करण्यात आले. गुरूविषयीचा आदर आणि पुराव्याची मर्यादा, दोन्ही येथे सांभाळली गेली.

पुढे जीवाणूंचे संपूर्ण जनुकसंच वाचले जाऊ लागले आणि नाती पुन्हा तपासली गेली. 2020 मध्ये 'बॅसिलस आर्यभट्टाय'चे 'प्रीस्टिया आर्यभट्टाय' झाले. नाव तेच राहिले, आडनाव बदलले. नवा पुरावा मिळताच जुने मत सोडणे, हीच विज्ञानाची खरी प्रतिष्ठा होय.

स्वाध्याय

1. जीवाणूंच्या वर्गीकरणासाठी '16 एस' जनुक उपयुक्त का ठरते?
2. 'नाव तेच राहिले, आडनाव बदलले' या विधानाचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
3. नव्या माहितीमुळे तुमचे एखादे मत बदलल्याचा प्रसंग आठ ते दहा ओळींत लिहा.