यकृत तपासणीतील वाढलेले आकडे : अर्थ आणि मर्यादा

आंद्रा नदीच्या खोऱ्यातील आंदर मावळ हा पुणे जिल्ह्यातील भरपूर पावसाचा व भातशेतीचा प्रदेश. टाकवे बुद्रुक, वडेश्वर, खांडी या गावांच्या परिसरात आषाढात माणसे दिवसभर चिखलात उभी राहून भाताची लावणी करतात. अशा दिवसांत कोणी तापाने आजारी पडला, रक्ततपासणी झाली आणि कागदावरील एखाद्या आकड्यापुढे ‘वाढलेला’ अशी खूण दिसली, की कुटुंब घाबरून जाते. तो कागद पुष्कळदा गावातील शिक्षकांकडे किंवा पंचायत सदस्यांकडे वाचण्यासाठी येतो. म्हणून त्याचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे.

आकडा काय सांगतो?

यकृताच्या पेशींत एसजीपीटी व एसजीओटी ही विकरे, म्हणजेच एन्झाइम, असतात. पेशींना इजा झाली की ती रक्तात अधिक प्रमाणात उतरतात. त्यांची सामान्य मर्यादा बहुतेक प्रयोगशाळांत दर लिटरला सुमारे ४० एकके मानली जाते. वाढलेला आकडा ही इजेची खूण होय. ते रोगाचे नाव नव्हे. शिवाय एसजीओटी स्नायूंतही असते. त्यामुळे सवय नसलेल्या अतिश्रमानंतर ते वाढलेले आढळू शकते.

लठ्ठपणा व मधुमेह यांच्या जोडीने यकृतात मेद साठल्यास वाढ बहुधा थोडी असते. मद्यपानाने यकृताला सूज आल्यास एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीच्या आसपास किंवा अधिक असते. विषाणूजन्य काविळीत आकडे हजाराच्याही पुढे जातात.

लहान आकडाही फसवतो

उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या गंभीर प्रकारात काविळीचे बिलिरुबिन फार वाढते, विकरे मात्र त्या मानाने थोडीच वाढतात. जुनाट आजाराने जीर्ण झालेल्या यकृतातही विकरे सामान्य असू शकतात. म्हणून बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्यास लागणारा वेळ हेही पाहिले जाते.

काय करावे?

क्षयरोगावरील काही औषधांनी यकृताला इजा होऊ शकते. मळमळ, उलट्या किंवा कावीळ दिसताच त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. परंतु लक्षणे नसताना केवळ आकडा पाहून गोळ्या मनाने सोडू नयेत. घेतलेले प्रत्येक औषध, काढा व मुळीसुद्धा, डॉक्टरांना सांगावे. २०२० मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी केली. त्या निष्कर्षावर मतभेद झाले. तरी ‘झाडपाला निरुपद्रवीच’ हा समज धोक्याचा आहे.

दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ गरोदर स्त्रियांना विशेष घातक ठरते. कोल्हापूर शहरात १९८० च्या दशकाच्या आरंभी पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या साथीचा अभ्यास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने केला होता. विहिरीचे व टाकीचे पाणी नियमितपणे शुद्ध करणे हे त्यामुळे पंचायतीचे आरोग्यकार्यच होय.

तापासोबत डोळे पिवळे होणे, लघवी कमी होणे, गुंगी येणे किंवा रक्तस्राव होणे यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तपासणीची वाट न पाहता रुग्णास रुग्णालयात न्यावे. लक्षणे नसलेल्या किंचित वाढीत काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी केली जाते. कागद वाचून दाखवणाऱ्याने रोगाचे निदान करू नये. रुग्ण वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचेल, एवढे मात्र अवश्य पाहावे.