यंत्राची पारख

सराफापुढे दागिना ठेवला, की तो आधी कसोटीच्या दगडावर त्याचा कस पाहतो. नुसत्या झळाळीवर तो विसंबत नाही. रोग्यांसाठी निघणाऱ्या नव्या यंत्रांनाही अशीच कसोटी लावावी लागते. ती कशी लावतात, हे इंग्लंडमधील एका मोठ्या प्रयोगावरून तुमच्या ध्यानात येईल.

मधुमेह, हृदयाची दुर्बलता, फुप्फुसांचा जुनाट विकार हे रोग एकदा जडले म्हणजे बहुधा जन्मभर सोबत करतात. अशा रोग्याची प्रकृती केव्हा बिघडेल याचा नेम नसतो. डॉक्टर तरी रोज प्रत्येकाच्या घरी कोठवर जाणार? यावर तोड म्हणून दूरनिरीक्षणाची योजना निघाली. रोग्याने घरच्या घरी आपले वजन, रक्तातील साखर अथवा प्राणवायूचे प्रमाण मोजायचे आणि यंत्राने ते आकडे दूर बसलेल्या परिचारिकेकडे पाठवायचे. त्यांत काही वावगे दिसले, की तिने तत्काळ विचारपूस करायची. कल्पना किती सुरेख! परंतु कल्पना सुरेख असणे निराळे आणि ती फलद्रूप होणे निराळे.

तेथील आरोग्यखात्याने ही योजना पारखून पाहण्याचे ठरविले. केंट व कॉर्नवॉल हे परगणे आणि लंडनचा न्यूहॅम हा भाग, अशी तीन ठिकाणे निवडण्यात आली. २००८ व २००९ या वर्षांत १७९ दवाखान्यांचे ३,२३० रोगी प्रयोगात सामील झाले. कोणत्या दवाखान्याच्या रोग्यांना यंत्रे द्यावयाची आणि कोणाचे नेहमीचेच उपचार चालू ठेवावयाचे, हे कोणाच्या मर्जीवर सोडले नव्हते. असे का बरे केले? उत्साही व त्यातल्या त्यात सशक्त रोग्यांनाच यंत्रे मिळाली असती, तर ते तगले ते यंत्रामुळे की अंगच्या शक्तीमुळे, हे कसे ओळखणार?

२०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात नेहमीच्या उपचारांवरील रोग्यांपैकी शेकडा ८.३ दगावले होते. यंत्रे मिळालेल्यांपैकी शेकडा ४.६. इस्पितळात दाखल होणाऱ्यांचे प्रमाणही शेकडा ४८.२ वरून ४२.९ वर आलेले दिसले. यंत्राचा जयजयकार करण्यास एवढे पुरेसे होते.

पण संशोधक तेथे थांबले नाहीत, आणि या हकिकतीत मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. प्रयोगाच्या आरंभी यंत्रे नसलेल्या गटातून इस्पितळात जाणाऱ्यांची संख्या अकस्मात वाढली होती. तेव्हा दिसणारा सारा फरक यंत्राच्या पदरी टाकता येईना. रोग्यांच्या मनःस्वास्थ्याची चौकशी केली, तर दोन्ही गटांत म्हणण्यासारखे अंतर आढळले नाही. मग २०१३ साली खर्चाचा हिशेब पुढे आला. धडधाकट आरोग्याचे एक वर्ष पदरात पडावे, यासाठी या योजनेत सुमारे ९२,००० पौंड लागत होते. अशा एका वर्षासाठी २०,००० ते ३०,००० पौंडांपर्यंतचा खर्च तेथे सामान्यतः योग्य समजला जात असे.

जीवाचे मोल का पैशांत करावयाचे, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. परंतु सरकारी थैली एकच असते. लसी, रुग्णवाहिका, परिचारिकांचे पगार, सारे तिच्यातूनच जाते. यंत्रांवर अधिक पौंड गेले, तर दुसऱ्या कोणा रोग्याचे औषध तितके मागे पडते; आणि तो रोगी आपल्याला दिसत नाही, म्हणून त्याचा जीव स्वस्त होत नाही.

संशोधकांनी आणखी एक हिशेब करून ठेवला आहे. यंत्रांची किंमत पुष्कळ उतरली आणि नेमलेली माणसे पूर्ण कामी लागली, तर हाच खर्च मर्यादेत बसू शकेल, असे त्यातून निघाले. त्यानंतर अशी यंत्रे बरीच स्वस्त झाली आहेत. म्हणून प्रत्येक नव्या यंत्राची पारख त्या त्या वेळच्या किमतीने पुन्हा करावी लागते.