फळमाशीचा सापळा : निरीक्षणातून अभिकल्प-विचार शिकण्याचा एक मार्ग

‘डिझाइन थिंकिंग’ अर्थात अभिकल्प-विचार ही संज्ञा अलीकडे कृषी विस्ताराच्या प्रशिक्षणवर्गांत वारंवार ऐकू येते. वापरणाऱ्याची अडचण समजून घेणे, प्रश्न नेमका मांडणे, अनेक पर्याय सुचविणे, ओबडधोबड नमुना करून पाहणे आणि तो प्रत्यक्ष वापरात तपासणे अशा पाच पायऱ्यांचे रंगीत चित्र पडद्यावर दाखविले जाते. चित्र चुकीचे नाही. परंतु पोहण्याचे चित्र पाहून जितके पोहता येते, तितकाच अभिकल्प-विचार त्यातून शिकता येतो. ज्याला तो खरोखर आत्मसात करावयाचा आहे, त्याने रोजच्या पाहण्यातील एखादी लहान गोष्ट हाती घ्यावी. फळमाशीचा सापळा हे त्यासाठी उत्तम उदाहरण आहे, कारण तो घरी बनविता येतो, त्याचा खर्च अल्प असतो आणि त्यातील चूक एका हंगामात उघड होते.

या सापळ्याचा उगमही एका घरगुती निरीक्षणात आहे. 1905 मध्ये बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाली. 1934 च्या भूकंपानंतर तीच पुढे दिल्लीस हलविली गेली. या संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ फ्रँक हाउलेट यांच्या शेजारी कोणीतरी डास पळविण्यासाठी सिट्रोनेलाचे, म्हणजे गवती चहाच्या कुळातील एका गवताचे, तेल वापरीत असे. डास दूर राहिले, पण फळमाश्या मात्र झुंडीने गोळा होऊ लागल्या. हा त्रास शेजारधर्म म्हणून ऐकून सोडून देण्याजोगा होता. हाउलेट यांनी तो प्रश्न म्हणून स्वीकारला. येणाऱ्या माश्या कोणत्या, हे त्यांनी पाहिले. त्या सर्व नर असल्याचे त्यांच्या लक्षात आले. 1912 मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि 1915 पर्यंत तेलातील घटक वेगवेगळे तपासून मिथाइल युजेनॉल हा खरा आकर्षक घटक असल्याचे दाखविले.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. घटक सापडला, तरी बागाईतदाराच्या हाती साधन आले नाही. मिथाइल युजेनॉल विषासोबत वापरून नरांचा मोठ्या प्रमाणावर नाश करण्याची पद्धत हवाई बेटांवर 1950 च्या दशकात आकारास आली आणि 1960 च्या दशकात प्रशांत महासागरातील रोटा या लहान बेटावरून ओरिएंटल फळमाशीचे उच्चाटन त्याच पद्धतीने झाले. मधल्या साडेतीन दशकांत गंधाविषयीचे ज्ञान होते. उणीव होती ती गंध टिकविणाऱ्या, माशी मारणाऱ्या आणि माणसाला सहज हाताळता येणाऱ्या वस्तूची. शोध आणि अभिकल्प यांतील अंतर याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते.

बाटलीपासून आरंभ

कोकणातील आंबा बागाईतदारांना दापोली येथील कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा परिचित आहे. तयार सापळा विकत घेणे केव्हाही सोयीचे. तथापि शिकण्यासाठी एक लिटरची रिकामी, पारदर्शक प्लॅस्टिकची बाटली पुरेशी आहे. बाटलीच्या वरच्या भागात समोरासमोर तीन-चार छिद्रे, झाकणातून आत सोडलेली तार आणि तारेला अडकविलेला प्लायवूडचा ठोकळा, इतकाच तिचा संसार. सुमारे 5 सेंमी लांब, 5 सेंमी रुंद आणि 1.2 सेंमी जाड असा ठोकळा अल्कोहोल, मिथाइल युजेनॉल व मॅलॅथिऑन यांच्या 6:4:1 या प्रमाणातील मिश्रणात किमान दोन दिवस भिजवून ठेवण्याची पद्धत प्रचलित आहे. जुन्या पत्रकांत मॅलॅथिऑनऐवजी डायक्लोरव्हॉसचा उल्लेख आढळतो. भारतात त्याचा वापर 2020 च्या अखेरीपासून बंद झाला आहे, म्हणून ते पत्रक तसेच्या तसे पुन्हा छापू नये. मिश्रण हाताळताना हातमोजे आवश्यक आहेत, आणि बाटली मूळची पेयाची असल्याने तिच्यावर ‘विष’ असे ठळक लिहिणे हाही अभिकल्पाचाच भाग होय. घरातील मूल त्या बाटलीकडे कोणत्या नजरेने पाहील, याचा विचार सापळा टांगण्यापूर्वी झाला पाहिजे.

ठोकळाच का, कापसाचा बोळा का नाही, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर पाठ करून देण्यापेक्षा दोन्ही टांगून पाहणे अधिक उपयुक्त. बोळ्यातून गंध लवकर उडून जातो. लाकूड तो शोषून सावकाश सोडते. परंतु हे पडताळताना दोन्ही बाटल्या एकाच फांदीवर लावल्या, तर तुलना व्यर्थ ठरते, कारण एकीचा गंध दुसरीच्या माश्या ओढतो. त्यांत किमान 20 ते 25 मीटर अंतर ठेवावे आणि दर आठवड्यास त्यांच्या जागांची अदलाबदल करावी. बागेचा एखादा कोपरा मुळातच माश्यांच्या आवडीचा असतो. अदलाबदल केली नाही, तर त्या कोपऱ्याचे श्रेय ठोकळ्याला किंवा बोळ्याला मिळते.

पहिल्या पंधरवड्यात बाटली बरेच काही शिकविते. मुंग्या तारेवरून उतरून मेलेल्या माश्या उचलून नेतात आणि मोजणी खोटी ठरते. तारेवर ग्रीसचा पट्टा दिला की हे थांबते. तिरकस पावसात बाटलीत पाणी साचते. तळाला सुईने पाडलेली बारीक छिद्रे पुरतात. भर उन्हात टांगलेला ठोकळा लवकर निकामी होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे : बाटली रिकामी कोण करणार? पुष्कळ बागांत हे काम घरातील स्त्रिया किंवा वयस्कर माणसे करतात. बाटली त्यांच्या हाताच्या उंचीवर नसेल, झाकण एका हाताने फिरत नसेल, तर तिसऱ्या आठवड्यापासून सापळा केवळ झाडाचा दागिना होऊन राहतो. हेक्टरी सुमारे दहा सापळे ही आंब्यासाठीची रूढ शिफारस. त्यांपैकी किती सापळे महिन्याभरानंतर चालू आहेत, हे विस्तार कार्यकर्त्याने हिंडून मोजावे. वाटपाच्या नोंदवहीत हा आकडा नसतो.

भरलेली बाटली आणि सडलेली कारली

प्रश्न चुकीचा मांडला गेला, तर सुबक वस्तूही निरुपयोगी ठरते. याचे वारंवार आढळणारे उदाहरण म्हणजे कारल्याच्या किंवा दोडक्याच्या मांडवात टांगलेला मिथाइल युजेनॉलचा सापळा. आठवड्यात बाटली माश्यांनी भरते, शेतकरी समाधानी होतो, छायाचित्रही काढले जाते. आणि कारली पूर्वीसारखीच पिवळी पडून सडत राहतात. मिथाइल युजेनॉलकडे येतात त्या आंबा, पेरू, बोर यांवरील माश्या. वेलवर्गीय भाज्यांवरील फळमाशीचे नर त्याकडे वळत नाहीत. त्यांच्यासाठी क्यू-ल्यूर हा निराळा गंध लागतो. या माशीमुळे होणारे नुकसान पीक व हंगाम यांनुसार 30 टक्क्यांपासून संपूर्ण पिकापर्यंत नोंदविले गेले आहे. तेव्हा ही गफलत किरकोळ नव्हे.

तिचा उलगडा करण्यास प्रयोगशाळा लागत नाही. दहा रुपयांचे भिंग आणि पांढरा कागद घेऊन बाटलीतील माश्या पसराव्यात. वेलवर्गीय माशीच्या पंखाच्या पुढील कडेने तपकिरी पट्टा जातो, तो टोकाशी रुंदावतो आणि पंखावर आडव्या शिरेलगत धूसर डागही असतो. ओरिएंटल फळमाशीचा पंख स्वच्छ, कडेला केवळ बारीक रेघ. पेरूवरील माशीच्या पंखाच्या टोकाशी लहानसा ठिपका तेवढा असतो. दोन-तीन वेळा पाहिले की डोळा सरावतो. सडलेले कारले काचेच्या बरणीत ओलसर मातीवर ठेवून, तोंडाला मलमलीचे कापड बांधले, तर त्यातून बाहेर पडणारी माशी कोणती, हेही काही दिवसांत कळते. बाटलीतील माशी आणि बरणीतील माशी जुळत नसतील, तर चुकीच्या प्रश्नाचे उत्तर हाती आले आहे, असे समजावे.

योग्य गंध लावला, तरी एक मर्यादा राहते. दोन्ही गंध केवळ नरांना ओढतात. फळाला डंख करून आत अंडी घालते ती मादी, आणि शेजारच्या शेतातून आलेली, आधीच मीलन झालेली मादी रिकाम्या हाती परतत नाही. म्हणून बाटलीतील माश्यांची संख्या हे यशाचे माप मानणे योग्य नाही. दर तोडणीस शंभर फळांमागे डंखलेली किती, हे माप. मोजावयास कंटाळवाणे आहे, पण खरे आहे.

मांडवाबाहेर पाहणे

मादीसाठी प्रथिनयुक्त विषारी आमिषाचे ठिपके फवारले जातात. ते कोठे फवारावेत, याचे उत्तर दुपारी मांडवात शोधले तर सापडत नाही, कारण दुपारी ही माशी मांडवात फारशी नसते. एका सुटीच्या दिवशी सकाळी, दुपारी आणि सूर्यास्तापूर्वी अर्धा-अर्धा तास मांडवाच्या कडेला बसून पाहावे. दिवसाचा बराच काळ माश्या बांधावरील उंच झुडपांवर, मक्याच्या पानांखाली विसावलेल्या आढळतात. माद्या उतरत्या उन्हात वेलीकडे येतात. हवाईमध्ये हेच निरीक्षण आधाराला घेऊन शेताच्या कडेला मका पेरून त्यावर आमिष फवारण्याची रीत रुजली. त्यामुळे फळांवर औषध कमी पडते आणि माशी जिथे थांबते तिथेच तिला गाठता येते. अशी पाहणी करणारा कार्यकर्ता वेळ दवडत आहे असे वरिष्ठांस वाटू शकते; तो दौऱ्याचा सर्वांत फलदायी भाग असतो.

यानंतर उरते ती तोडणीची टोपली. डंखलेली फळे गोळा करून दोन फूट खोल पुरावीत, ही शिफारस प्रत्येक पत्रकात आहे आणि फार थोड्या शेतांत पाळली जाते. कारण आळस नव्हे. तोडणी करणाऱ्या मजुराच्या हाती एकच टोपली असते, वजनावर किंवा वेळेवर त्याचा रोज ठरलेला असतो, आणि खड्डा शेताच्या दुसऱ्या टोकास असतो. साहजिकच किडके फळ बांधावर भिरकावले जाते. अळ्या फळातून बाहेर पडून मातीत कोष करतात आणि पुढील पिढी तेथूनच उठते. येथे उपदेशाने काही होत नाही. वस्तू बदलावी लागते. टोपलीच्या कडेला अडकविलेली जाड प्लॅस्टिकची पिशवी, दिवसअखेर घट्ट बांधून उन्हात ठेवण्याची एक ठरलेली जागा, एवढा बदल एका ओळीत करून पाहावा आणि दुसऱ्या ओळीत जुनीच पद्धत ठेवून बांधावरील फळे मोजावीत. पिशवी चालताना पायात येते का, काट्यांनी फाटते का, भरल्यावर जड होते का, हे मजुरालाच विचारावे. तिची दुसरी आवृत्ती बहुधा त्याच्याच सूचनेतून निघते.

ज्यांना एक पाऊल पुढे जावयाचे आहे, त्यांच्यासाठी हवाईतील संशोधकांनी विकसित केलेल्या जाळीच्या तंबूची कल्पना आकर्षक आहे. किडकी फळे तंबूत टाकली जातात. निघणाऱ्या माश्या आत अडकून मरतात, परंतु त्यांच्या अळ्यांवर वाढलेले परजीवी गांधीलवर्गीय कीटक माश्यांहून लहान असल्याने जाळीच्या छिद्रांतून बाहेर पडून शेतात परततात. घरी एखाद्या जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्याने आणि बादलीने याचा नमुना करता येतो. सर्व कौशल्य छिद्राच्या आकारात आहे : जाळी फार बारीक असेल तर मित्रकीटकही कोंडले जातात, फार सैल असेल तर माशी निसटते. बाजारात मिळणाऱ्या तीन-चार प्रकारच्या जाळ्यांचे तुकडे घेऊन, प्रत्येकाखाली किडकी फळे ठेवून, बाहेरच्या बाजूस चिकट कागद लावावा आणि कागदावर काय सापडते ते भिंगाखाली पाहून नोंदवावे. वेलवर्गीय पिकांचा उन्हाळी हंगाम सुरू होण्यापूर्वी ही चाचणी उरकली, तर पहिल्या तोडणीपर्यंत तंबू उभा राहू शकतो.