'मी घरात ओढत नाही हो'

दहावीचं वर्ष म्हणून तुम्ही केबल काढलीत, पाहुण्यांना 'परीक्षेनंतर या' म्हणून सांगितलंत, पोरीचा मोबाइल रात्री स्वतःच्या उशाशी ठेवायला लागलात. त्याच घरात जेवणं उरकली की बाबा गॅलरीत जातात. पालकसभेनंतर मी सिगारेटचा विषय काढला की उत्तर ठरलेलं: 'मी घरात ओढत नाही हो.' गॅलरीचं दार अर्धवट लोटलेलं असतं आणि दाराला लागूनच पोरीचं अभ्यासाचं टेबल. वन बीएचकेमध्ये ते दुसरीकडे ठेवणार तरी कुठे?

सिगारेटच्या या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं असतात. पंखा, एक्झॉस्ट, उघडी खिडकी यांनी वास कमी होतो, धोका टळत नाही, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने 2006 मध्येच स्पष्ट केलं. खोकला, दमा हे तुम्हाला ठाऊक आहे. मनाचं मात्र कुणी बोलत नाही. स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या 8 ते 15 वर्षांच्या मुलांच्या रक्तात कोटिनिन, म्हणजे निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, किती आहे हे अमेरिकेत मोजलं गेलं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कोटिनिन जास्त तिथे उदासी, चिंता, लक्ष न लागणं यांची लक्षणंही जास्त दिसली. धुरामुळेच हे झालं, असं त्यातून सिद्ध होत नाही. जिथे धूर असतो तिथे पैशांची ओढाताण, भांडणं, आईवडिलांचं स्वतःचं नैराश्यही असू शकतं. म्हणून तुमच्या सिगारेटनेच मूल कोमेजलं, असं मी म्हणणार नाही. पण झोप उडाली, चिडचिड वाढली की आपण सरळ वयावर नाहीतर मोबाइलवर खापर फोडतो, तेव्हा या धुराची आठवण कुणालाच होत नाही.

नववीतल्या एका मुलाच्या स्वेटरला वास यायचा. वर्गात 'बिडी' नाव पडलं, एकदा दप्तरही तपासलं गेलं. त्याने कधी सिगारेटला हात लावला नव्हता. घरी का नाही सांगितलंस, विचारल्यावर म्हणाला, 'बाबांना वाईट वाटेल.' युनिफॉर्म तो रात्री स्वयंपाकघराच्या खिडकीत वाळत घालायचा आणि अंथरुणात पडून बाबांचा खोकला थांबायची वाट बघायचा. ही काळजी कुठल्या रक्ततपासणीत दिसणार?

आणखी एक गोष्ट पोरं घरातूनच उचलतात. 'टेन्शन आलं की एक ओढतो' हे वाक्य. खरं तर निकोटिन उतरू लागलं की जी अस्वस्थता येते, तीच पुढची सिगारेट शमवते. ऑफिसचं टेन्शन जिथल्या तिथे राहतं. प्रिलिमच्या आदल्या रात्री पोरगं ज्या उपायाकडे वळेल, तो त्याने तुमच्याकडूनच पाहिलेला असेल.

सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानबंदीचे कडक नियम 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू आहेत. घराच्या उंबऱ्याच्या आत कायदा येत नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत 38.7 टक्के प्रौढांनी घरात दुसऱ्याचा धूर सोसावा लागतो असं सांगितलं होतं. मुलांचा आकडा त्यात नाही, पण ती याच घरांत राहतात.

तेव्हा आजपासून गॅलरी नको, बाथरूम नको, मुलं नसतानाही गाडीत नको. थेट खाली, इमारतीबाहेर. तीन-चार मजले उतरायचा कंटाळा येऊन एखादी सिगारेट टळली तर बरंच. सोडायचीच असेल तर 1800-11-2356 ही क्विटलाइन मोफत आहे. नंबर तुमच्या पाकिटावरच छापलेला असतो. पहिले काही आठवडे तुम्ही चिडाल, हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ती स्वतःला दोष देत बसतील. आणि मूल दोन आठवड्यांहून जास्त काळ गप्प गप्प असेल, जेवण-झोप बिघडली असेल, तर धूर बंद केलाय म्हणून वाट बघत बसू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.