वैराग्य आणि शुष्कता
(संबंधत्यागाच्या विधीसंबंधी एक विचार)

गेल्या कार्तिकात लातूर जिल्ह्यातील मुरुड येथे एका वासनिकाच्या माळवदी घरी आचारप्रकरणाचे निरूपण करण्याचा योग आला. विषय संबंधत्यागाचा होता. स्वदेशाचा संबंध सोडावा, स्वग्रामाचा सोडावा, आणि आप्तस्वकीयांचा तर विशेषेकरून सोडावा, हा सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींचा विधी आपल्या पंथात लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. त्यावर तीन दिवस यथामति बोललो. तिसऱ्या दिवशी मंडळी उठून गेल्यावर घरची बाई दंडवत करून दाराशी उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा, एक विचारू का? आमचे मालक उपदेश घेतल्यापासून घरात बोलत नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. पुसलं तर हो, न्हाई, एवढंच. पोरीला वाटी लावली, तेव्हाही उंबऱ्याबाहेर आले नाहीत. हेच का वैराग्य?”

मी तिला सोपे उत्तर दिले. म्हणालो, “बाई, तुम्ही भाग्यवान आहात. संसारात राहून ज्याचे मन संसारातून उठले, असा पुरुष तुमच्या घरी आहे.” ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “देवाकडं लागलं असंल तर माझं काही म्हणणं न्हाई बाबा. पण देवाचं नाव घेतानाबी त्यांच्या डोळ्याला कधी पाणी आलेलं मी बघितलं न्हाई.”

या वाक्याने माझे तीन दिवसांचे निरूपण अपुरे ठरले. ती बाई अक्षरशत्रू म्हणावी अशी. परंतु वैराग्याची जी कसोटी ती सहज बोलून गेली, ती मला पोथी पुढे असूनही सुचली नव्हती. प्रस्तुत लेख तिच्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

प्रथम विधीचा अभिप्राय पाहू. सर्वज्ञांनी आप्तांच्या संबंधाविषयी विशेषत्वाने निषेध का सांगावा? जेथे बंधन नाही, तेथे सोडविण्याचा उपदेश व्यर्थ असतो. ज्याला भूकच लागत नाही, त्यास कोणी लंघन सांगत नाही. भूक असून जो जेवत नाही, त्याचा तो उपवास. भूकच मेली म्हणून जो जेवत नाही, त्यास अरुचीचा रोग झाला आहे असे वैद्य म्हणतो. दोघांची ताटे सारखीच भरलेली परत जातात, म्हणून पाहणाऱ्याला दोघे सारखे दिसतात. संबंधत्यागाचा विधी हा प्रेमाच्या सामर्थ्याची कबुली आहे. जीवाचे प्रेम इतके चिकट, की परिचित गाव, परिचित घर, परिचित मुख दिसताच ते तेथे जाऊन बसते आणि परमेश्वराच्या स्मरणातून जीवाला ओढून काढते. म्हणून त्या ठिकाणापासून दूर राहावे, एवढेच विधीचे म्हणणे आहे. प्रेम करण्याची शक्तीच नष्ट करावी असे त्यात कोठेही नाही. ती शक्ती नष्ट झाली तर परमेश्वरावर प्रेम कशाने करावयाचे? जीवाजवळ त्यासाठी दुसरे साधन नाही.

आमच्या मराठवाड्यात रात्री दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला हे चटकन कळेल. तो एका वाफ्याचे तोंड बुजवितो आणि दुसऱ्याचे उघडतो. पहिला वाफा कोरडा दिसतो. पण पाणी पुढे गेलेले असते. विहीरच आटली तरी पहिला वाफा कोरडाच दिसणार. कोरडा वाफा पाहून काही ठरविता येत नाही, पुढच्या वाफ्यात ओल आहे की नाही हे जाऊन पाहावे लागते. मुरुडच्या बाईने नेमके तेच पाहिले होते.

आता आपल्या पूर्वाचार्यांकडे पाहावे. श्रीनागदेवाचार्य हे अनुसरलेल्यांचे अग्रणी; संबंधत्यागाचा विधी त्यांच्याइतका कोणी पाळला? तथापि त्यांची माता आबाइसा, भगिनी उमाइसा आणि चुलत भगिनी महदाइसा या याच मार्गात होत्या. विधीचा अर्थ माणसे टाकून देणे असा असता तर हे घडते ना. माणसे तीच राहिली, परंतु ‘माझी आई’, ‘माझी बहीण’ हा नात्याचा धागा जाऊन ‘एका परमेश्वराची अनुसरलेली’ हा धागा आला. महदाइसेच्या जिज्ञासेने तर सर्वज्ञांनाही संतोष होत असे. ती पुनःपुन्हा विचारी आणि स्वामी पुनःपुन्हा सांगत. ज्याला कोणाशी काही देणेघेणे नाही, त्याला एका वृद्धेच्या शंका इतक्या वेळ कशाला सोसतील?

पुढे केशिराजव्यासांसारखे संस्कृतज्ञ आचार्यांशी संस्कृतात बोलू लागले, तेव्हा आचार्यांनी त्यांना थांबविले, हा स्मृतिस्थळातील प्रसंग सर्वपरिचित आहे. स्वामींनी मराठीत निरूपण केले तेच विचारा, नाहीतर माझ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, असा त्यांचा आशय होता. या प्रसंगाचा उपयोग भाषाभिमानासाठी फार होतो, तो होवो. मला त्यातील ‘माझ्या’ हा शब्द अधिक मोलाचा वाटतो. ज्याने घर, गाव, देश सोडला, तो निर्मम पुरुष काही वृद्ध बायकांना माझ्या म्हणतो. तेथे ममता नाही, कारण त्यांच्यापासून त्याला काही हवे नाही. परंतु तेथे दुरावाही नाही, कारण त्यांचे काय होईल याची त्याला चिंता आहे.

सर्वज्ञांचे उत्तरापंथे गमन झाल्यावर आचार्यांना झालेले दुःख आपण जाणतो. ते शांतपणे ‘असो’ म्हणून उठले नाहीत. त्या वियोगात त्यांचे स्मरण चालू राहिले, आणि त्या स्मरणातूनच तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांकडून लीळाचरित्र घडले. ज्याने जी लीळा पाहिली, ऐकली, त्याच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून त्यांनी ती मिळविली. मराठीचा हा आद्य गद्यग्रंथ विरहाच्या पोटी जन्मलेला आहे.   आपला सारा आचारच असन्निधानाचा आचार आहे, आणि असन्निधान ज्याला टोचतच नाही, त्याला तो आचार केवळ कवाईत होऊन बसतो. शुष्कता ही वैराग्याची पहिली पायरीही नव्हे असे मी म्हणतो, ते याच कारणाने.

स्वतः अवतारांचे वर्तन पाहिले तर शंकेला जागा उरत नाही. रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभू घरोघर जात, अंत्यजांच्या वस्तीतही जात, त्यांच्या घरचे खात. गावची माणसे त्यांना माय आणि बाप दोन्ही म्हणत. लीळाचरित्रातील सशाची लीळा तर मुलांनाही ठाऊक आहे. पाठलाग होत असलेला ससा स्वामींच्या जानूतळी शिरला. शिकारी आले, मागू लागले, स्वामींनी दिला नाही. शिकारी परतल्यावर मात्र स्वामींनी त्या सशाला जावयास सांगितले. या लीळेचा उत्तरार्ध सहसा कोणी विस्ताराने सांगत नाही. शरण आले असताना आडवे होणे आणि भय सरल्यावर मोकळे करणे, ही दोन्ही कृत्ये मिळून असंग होतो. आपल्यापैकी कित्येकजण सशाला आश्रयच देत नाहीत, आणि पुढे त्याला धरून ठेवले नाही याचा अभिमान मिरवितात.

येथे लौकिक शास्त्रातील एक गोष्ट सांगतो. सिद्धान्तास तिची गरज नाही, पण दृष्टान्त म्हणून ती उपयोगी आहे. इंग्लंडचे मनोवैद्य जॉन बोल्बी (१९०७–१९९०) यांनी माता आणि बालक यांच्या बंधाचा अभ्यास केला. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात साधारण वर्षाच्या बालकांना पाहिले. आई खोलीतून गेली असता बहुतेक मुले रडत. काही मात्र खेळण्यात दंग राहत आणि आई परतली तरी तिच्याकडे पाहत नसत. ती मुले निर्विकार वाटत. पुढे १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा मुलांच्या हृदयाची गती मोजली, तेव्हा ती वाढलेली आढळली. वियोग त्यांनाही जाणवत होता. तो दाखवून उपयोग नाही, एवढे ती शिकलेली होती. अशा बालकाला कोणी वैराग्यशील म्हणणार नाही.

मुरुडच्या त्या गृहस्थाची हकीकत मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळली, तीही विचारल्यावर. शेताकडे जाताना मी बरोबर निघालो. बराच वेळ ते बोलले नाहीत. मी विचारले, “उपदेश घेण्याच्या आधी आपण बोलके होता का?” ते थांबले. म्हणाले, “सतरा वर्षांचा असेपर्यंत होतो.” ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले, माणसे गाढ झोपेत, आणि चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. दगडमातीची जाड माळवदे झोपलेल्यांवर कोसळली. आठ-दहा हजार माणसे गेली. ह्यांची थोरली बहीण त्याच भागातील एका गावी दिलेली होती. बातमी कळताच वडिलांबरोबर हे गेले आणि दोन दिवस हातांनी दगड काढीत राहिले. एवढे सांगून पुढचे त्यांनी सांगितले नाही. फक्त म्हणाले, “तिथं कोणीच रडत नव्हतं. मीही रडलो नाही. मग राहूनच गेलं.”

पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी उपदेश घेतला, संबंधत्यागाचे निरूपण ऐकले, आणि आपल्या मनाच्या बंद दाराला एक शास्त्रोक्त नाव मिळाले असे त्यांना वाटले. त्यांचा दोष मी म्हणणार नाही. नाव पुरविणारे आम्हीच. त्यांच्या पत्नीस मी आदल्या रात्री तेच नाव पुन्हा एकदा पुरविले होते.

अधिकारभेदाचा मुद्दा येथे स्पष्ट केला पाहिजे. संबंधत्यागाचा पूर्ण विधी अनुसरलेल्यास आहे. भिक्षुक घर सोडतो, त्याबरोबर घरची भाकरी, घरचे अंथरूण आणि आजारपणातली घरची सेवाही सोडतो. परक्या दारी हात पसरतो. वासनिकाने यांपैकी काहीच सोडलेले नसते. पत्नीने थापलेली भाकरी खावयाची, मुलाने दोहलेले दूध घ्यावयाचे, आणि मोबदल्यात दोन शब्द द्यावयाचे नाहीत, याला कोणत्या प्रकरणात त्याग म्हटले आहे ते मला सापडले नाही. वासनिकाने घरी राहून आसक्ती क्षीण करावी, म्हणजे मुलगा आपल्या मताप्रमाणे वागला नाही तर क्रोध करू नये, लेक सासरी गेली तर तिच्या सुखात आपला मान शोधू नये. तिला निरोप देण्यास उंबऱ्यापर्यंत येऊ नये असे कोणी सांगितले? कायावाचामने हिंसा वर्ज्य आहे हे आपण नित्य म्हणतो. न बोललेल्या शब्दानेही हिंसा होते, आणि ती वर्षानुवर्षे होत राहते.

भिक्षुकांनाही यातून सुटका नाही. आपल्या आश्रमांतून, माझ्यासकट, एक खोड दिसते. नवा साधक जितका तुटक बोलेल, तितका तो विरक्त अशी आपली समजूत असते. शेजारच्या खोलीत वृद्ध साधक तापाने पडला तर आपण ‘कर्म त्याचे’ म्हणून पारायणाला बसतो. गावाकडून कोणाची आई भेटीस आली तर तो समोर येऊन मान फिरवितो, आणि सभोवतालचे त्याचे कौतुक करतात. ती माउली भेटून गेल्यावर त्याचे स्मरण दृढ झाले की तो दिवसभर आपल्या धैर्यावरच खूष राहिला, हे कोणी विचारीत नाही. दुसरे घडले असेल तर त्याने आईचा संबंध सोडून स्वतःशी संबंध जोडला, आणि तो पहिल्याहून कठीण आहे. संबंधत्याग पाळणाऱ्याने आईशी मृदू वाणीने दोन शब्द बोलून, दंडवत घालून विजनास जावे. विधी मोडत नाही. ज्याला तसे बोलवत नाही, त्याने ते सामर्थ्य आहे की भय, हे एकांतात आपल्यापुरते पाहावे.

फाल्गुनात मुरुडवरून जाणे झाले, तेव्हा त्याच घरी थांबलो. गृहस्थ ढेळजेत बसले होते. कुशल विचारल्यावर त्यांनी स्वतःहून सांगितले की लेक चार दिवस माहेरी येऊन गेली, तिला बसपर्यंत सोडावयास गेलो होतो. पण काय बोलावे ते सुचेना, म्हणून पिशवी धरून उभा राहिलो. मग म्हणाले, “बाबा, आज उत्तरार्धातला शेवट वाचा, स्वामी निघाले तो.” मी पोथी सोडली. सर्वज्ञ निघतात आणि मागे राहिलेल्यांची जी अवस्था होते, तेथपर्यंत वाचन आले असता ते उठून गोठ्याकडे गेले. वाचन थांबवावे की काय म्हणून मी बाईंकडे पाहिले. त्यांनी हातानेच ‘वाचा’ अशी खूण केली आणि पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यामागे गेल्या.