हद्दीच्या खुणा आणि चार डिस्क

ज्या मनुष्याचा उदरनिर्वाह दुसऱ्यांच्या जमिनींच्या हद्दी मोजून त्या कागदावर उतरविण्यावर चालतो, त्याने स्वतःच्या दप्तराविषयी इतरांहून अधिक दक्ष असावे, ही अपेक्षा रास्तच आहे. आणि ती मला पुरी करता आली नाही, याची रुखरुख इतकी वर्षे लोटली तरी गेलेली नाही. साताऱ्यातील आमच्या लहानशा कार्यालयात गावोगावच्या मोजणीची निरीक्षणे, जुन्या नकाशांच्या प्रतिमा आणि जागेवरची छायाचित्रे अशी दहा-बारा वर्षांची पुंजी एकाच सर्व्हरमध्ये साठविलेली होती. तिच्यातले जे २०१९ च्या एप्रिलमध्ये गेले, ते परत आले नाही. आपल्या व्यवसायाचे दप्तर सांभाळण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांच्या कानी हा अनुभव वेळीच पडावा, एवढ्याच हेतूने तो लिहीत आहे.

चुकीचा आरंभ २०१५ मध्ये, खरेदीच्या टेबलावर झाला. तीन ठिकाणची दरपत्रके मागवून मी रीतसर तुलनात्मक तक्ता केला होता. त्यात क्षमता, फिरण्याचा वेग आणि किंमत असे तीन रकाने होते. घरगुती संगणकाची डिस्क आणि सर्व्हरसाठी बनविलेली डिस्क, दोन्ही ४ टेराबाइटच्या, दोन्ही मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या. मग दुसरीला जवळजवळ दुप्पट किंमत का मोजावी, असा प्रश्न मला पडला आणि त्याचे उत्तर शोधण्याचे कष्ट मी घेतले नाहीत. उलट माझ्या काटकसरीला एक शास्त्राधारही सापडला. अनेक डिस्क एकत्र गुंफण्याची ‘रेड’ ही कल्पना १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी मांडली, तेव्हा तिच्या नावातच ‘स्वस्त डिस्क’ असे शब्द होते. चार डिस्कांचा ‘रेड ५’ संच केला की तिघींची जागा वापरायला मिळते आणि कोणतीही एक निकामी झाली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातला मजकूर पुन्हा सिद्ध करता येतो, एवढे वाचून माझे समाधान झाले आणि मी घरगुती डिस्कांच्या दरपत्रकावर मंजुरीची सही केली.

चार वर्षे काही बिघडले नाही. मग एप्रिलातल्या एका दुपारी, कूलरची घरघर चालू असताना, सर्व्हरमधून एक बारीक, चिवट शिट्टी ऐकू येऊ लागली. जाऊन पाहतो तो दुसऱ्या कप्प्यावरचा हिरवा दिवा जाऊन तांबडा लागलेला. मी आवाज बंद करण्याचे बटण दाबले, बाजारातून तासाभरात तितक्याच क्षमतेची नवी डिस्क आणविली आणि जुनीच्या जागी बसविली. पडद्यावर पुनर्बांधणीचे टक्के चढू लागले. माझ्या हिशेबाने हे काम रात्रीत उरकायला हवे होते, पण सकाळी आकडा तिशीतही पोहोचला नव्हता आणि तिसऱ्या दिवशी पहाटे तो ६१ वर थांबला, तो कायमचाच. उरलेल्या तिघींपैकी एकीवरचा एक लहानसा भाग वाचता येईना, म्हणून संचाचा कारभार पाहणाऱ्या कंट्रोलरने तो नादुरुस्त ठरविला आणि सगळे दप्तर एकदम बंद झाले.

मुंबईच्या एका जाणकार तंत्रज्ञाने पुढे या अनर्थाची मीमांसा करून दिली, तेव्हा त्या दुप्पट किमतीचे उत्तर मला मिळाले. पहिली गोष्ट ही, की तांबडा दिवा लागलेली ती डिस्क वस्तुतः मेलीच नव्हती. एखादी जागा वाचता आली नाही तर घरगुती डिस्क ती पुन्हा पुन्हा वाचून पाहते, प्रसंगी मिनिटभर किंवा त्याहूनही अधिक काळ, कारण घरच्या संगणकात त्या मजकुराची दुसरी प्रत नसते. कंट्रोलर मात्र सात-आठ सेकंद वाट पाहतो आणि उत्तर आले नाही तर तिला संचातून काढून टाकतो. सर्व्हरची डिस्क सुमारे सात सेकंदांत हात टेकते आणि दुरुस्ती कंट्रोलरवर सोपविते.

दुसरी गोष्ट माझ्या घाईच्या खरेदीची. नव्या डिस्कवरच्या लेखनाच्या रेषा छपरावरच्या कौलांप्रमाणे एकमेकींवर चढविलेल्या होत्या. या ‘एसएमआर’ पद्धतीने थोड्या जागेत अधिक मजकूर मावतो, पण एक कौल बदलायचे तर त्याच्यावर चढलेली पुढची कौलेही उचलून पुन्हा बसवावी लागतात. सलग काही तास लिहीत राहण्याची वेळ आली की अशी डिस्क कमालीची मंदावते. त्या वेळी ही बाब माहितीपत्रकात शोधूनही सापडेलच असे नव्हते. २०२० मध्ये यावरून जगभर ओरड झाली, तेव्हा उत्पादकांनी अशा मॉडेलांच्या याद्या प्रसिद्ध केल्या.

तिसरी गोष्ट मात्र माहितीपत्रकात स्पष्ट छापलेली होती आणि ती मी वाचली नव्हती. घरगुती डिस्क १०¹⁴ बिट वाचताना एखाद्या ठिकाणी अडखळू शकते, अशी मर्यादा उत्पादक स्वतःच देतो. १०¹⁴ बिट म्हणजे १२.५ टेराबाइट; आणि पुनर्बांधणीसाठी माझ्या उरलेल्या तीन डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचायच्या, म्हणजे १२ टेराबाइट! प्रत्येक डिस्क तेथेच अडखळते असे मुळीच नाही, कारण तो आकडा मर्यादेचा आहे. तथापि ज्या प्रवासात एकही ठेच परवडणार नव्हती, तो मी त्या मर्यादेच्या काठावरून आखला होता. सर्व्हरच्या डिस्कला हीच मर्यादा दसपट, म्हणजे १०¹⁵ बिट दिलेली असते.

बॅकअप होता, पण आठ महिने जुना. तंत्रज्ञाने पुष्कळसे परत मिळवून दिले. मधल्या काळातले काही गेले ते गेलेच. गेलेल्यांत एका गावच्या दोन भावांच्या बांधाची मोजणी होती. हद्दीचे दोन दगड आणि एक जुनी चिंच या तिच्या खुणा होत्या, आणि आम्ही मोजून आल्यानंतर रस्तारुंदीत तिन्ही नाहीशा झाल्या होत्या. थोरला भाऊ कार्यालयात येऊन म्हणाला, “साहेब, पुन्हा मोजा की.” कोठून मोजायचे, हे मला त्यांना सांगता आले नाही.

आता जे सांगायचे ते एवढेच, की डिस्क बिनबोभाट चालते त्या दिवसांत सगळ्याच सारख्या दिसतात; तिची निवड ती मोडेल त्या दिवसाकडे पाहून करावी. याच दृष्टीने दरपत्रक वाचावे. त्यात नुसती क्षमता न लिहिता मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा, त्या क्रमांकाचे माहितीपत्रक काढावे आणि रेषा कौलारू नाहीत याची खातरजमा करावी. वर्षाकाठी किती मजकुराची ये-जा सोसण्यासाठी डिस्क बनविली आहे, हाही आकडा पाहावा: साधारणतः घरगुती डिस्कला ५५ टेराबाइट, लहान कार्यालयांच्या ‘नॅस’ म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या पेटीसाठी बनविलेलीला १८० आणि मोठ्या सर्व्हरच्या डिस्कला ५५० दिलेले असतात. चार-पाच माणसांच्या कार्यालयाला नॅसची डिस्क पुरेशी होते. जेथे अहोरात्र लेखन-वाचन चालते आणि एका पेटीत डझनभर डिस्क एकमेकींना हादरे देत असतात, तेथे वरच्या वर्गाला पर्याय नाही.

माहितीपत्रकातील १० लाख तासांच्या आश्वासनाचा अर्थही नीट लावावा. वर्षाचे तास ८७६०. म्हणून ही डिस्क शतकभर चालेल असे नव्हे, तर हजार डिस्कांत वर्षाला सुमारे नऊ निकामी होतील, एवढाच त्याचा आशय. आणि प्रत्यक्ष तेवढ्यावरही भागत नाही. ‘रेड’च्या जनकांपैकीच एक गार्थ गिब्सन आणि बियांका श्रोडर यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात सुमारे एक लाख डिस्कांचा हिशेब तपासून २००७ मध्ये दाखविले, की वर्षाला शेकडा २ ते ४ डिस्क बदलाव्या लागणे ही नेहमीची गोष्ट असून काही ठिकाणी हे प्रमाण १३ पर्यंत जाते.

मोठ्या डिस्कांसाठी ‘रेड ५’ चा मोह सोडावा. दोन डिस्क गेल्या तरी तगणारा ‘रेड ६’ किंवा आरशासारख्या जुळ्या प्रती ठेवणारा संच घ्यावा, आणि त्याच मॉडेलची एक डिस्क पहिल्याच दिवशी कपाटात ठेवावी, म्हणजे आणीबाणीत बाजार धुंडाळावा लागत नाही. महिन्यातून एकदा सगळा संच वाचून तपासण्याची सोय चालू ठेवावी. गूगलने लाखाहून अधिक डिस्कांवर केलेल्या २००७ च्याच अभ्यासात असे आढळले, की अशा तपासणीत पहिला दोष दिसल्यापासून ६० दिवसांत ती डिस्क निकामी होण्याचा संभव ३९ पट वाढतो. परंतु निकामी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी कोणतीही ठळक पूर्वसूचना दिली नव्हती. म्हणून सूचना मिळाली तर डिस्क त्याच आठवड्यात बदलावी, आणि मिळाली नाही तर निर्धास्त राहू नये. वॉरंटी डिस्क बदलून देते, तिच्यातला मजकूर नव्हे. यास्तव तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या वास्तूत, हा नियम कोणत्याही संचाहून श्रेष्ठ आहे.

आणि शेवटी माझा स्वतःचा परिपाठ सांगतो. नवा संच आला की त्यात एकही कागद ठेवण्यापूर्वी मी त्यातली एक डिस्क माझ्या हाताने बाहेर काढतो. शिट्टी वाजते, तांबडा दिवा लागतो. या वेळी मी बटण दाबण्यापूर्वी घड्याळ पाहतो. मग कपाटातली डिस्क बसवून पुनर्बांधणी पुरी होईपर्यंतचे तास मोजतो आणि तो आकडा कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटविलेल्या कागदावर लिहून ठेवतो. मागच्या संचाला ११ तास लागले. त्यानंतरच गावोगावच्या हद्दी मी त्याच्या स्वाधीन केल्या.